माप बरोबर आहे, अण्णा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तशी ऐकायला ती फार मोठीही वाटणार नाही. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बसलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून त्याची जुनी मोटरसायकल दुरुस्त झाली नाही — एवढंच. पण ती का झाली नाही, हे फक्त मला माहीत आहे. आणि त्या माणसाला जे कारण वाटतं, ते खोटं आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे. कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची बंद खोली आहे, तिला स्टँडर्ड रूम म्हणतात. बाहेर कितीही ऊन असो, आतली हवा कायम एकसारखी, कारण गरमीनं लोखंड फुगतं आणि माप चुकतं. त्या खोलीत मी बसते. बाहेर तयार झालेले नग आत येतात, मी मोजते, सही करते. माझी सही नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. महिनाअखेरीला प्रोडक्शनची पोरं दारात येऊन उभी राहतात, "मॅडम, केसाएवढा फरक आहे हो, जाऊ द्या की." मी जाऊ देत नाही. मागे मला काय नावं ठेवतात तेही मला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान होता. होता कशाला म्हणू — अजूनही आहे. ज्या बाईनं हे केलं तिला असला अभिमान शोभतो का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. तरी आहे.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे मावळातले, पण सगळं आयुष्य देहूरोडला गेलं. लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. बोलणं मात्र अजूनही गावचंच आहे, त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. मी लग्न होऊन या घरात आले ती बीडहून, डिप्लोमा झालेली, मशीनच्या तेलाचा वास ओळखीचा असलेली. सासूबाईंशी सूर जुळायला मला वर्षं लागली. अण्णांशी पहिल्याच आठवड्यात जुळला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं होतं, "व्हर्निअर वाचता येतो का गं?" बारीक मापं घ्यायची पट्टी ती; मी हो म्हटलं. ते हसले, आणि मला वाटलं, या घरात एक माणूस तरी आपलं आहे.

त्यांची मोटरसायकल जुन्या जमान्यातली. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक मारून तोच दांडा पुढे वळवला की त्याचाच गिअर व्हायचा. नोकरीभर ते तिच्यावरून कामाला गेले. रिटायर झाल्यावर ती देहूरोडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. आम्ही चऱ्होलीत फ्लॅट घेतला तेव्हा नितीननं — माझ्या नवऱ्यानं — ती भंगारात द्यायची म्हणून टेम्पोवाल्याशी बोलणंही केलं होतं. अण्णा टेम्पोत गाडीशेजारी जाऊन बसले. मग ती भंगारवाल्याकडे न जाता आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आली.

तिथं, खांबाच्या आडोशाला, त्यांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण रोज सकाळी खाली गोणपाट अंथरून बसायचे. इंजिन खोललं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. जे झिजलं होतं ते बदलायचं, बाकी जपायचं — एवढाच बेत.

अडचण बदलायच्या भागांची होती. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. अस्सल भाग मिळत नाहीत, मिळाले तर एखाद्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर, नशिबानं. बाकी बाजारात येतो तो सगळा डुप्लिकेट माल. खोका सुंदर, त्यावर जुनं नाव हुबेहूब छापलेलं, आत प्लॅस्टिकमध्ये चकचकीत वस्तू. आणि ती वस्तू म्हणजे नुसता आकार. गॅस्केट पहिल्या तापण्यात जळून जातं, क्रोम नखानं निघतं, बेअरिंग हातात फिरवलं तरी खरखरतं. अण्णा पिंपरीला, पुण्याला दुकानं पालथी घालायचे आणि तावातावानं परत यायचे. "समदं दिसाया तसंच हाय," ते म्हणायचे, "पर तसं न्हाई."

पूर्वी त्यांना हा फरक स्वतःला कळायचा. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर व्हर्निअरवरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनात. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे एक भाग ठेवला आणि म्हणाले, "तुज्या खोलीत ह्याचं माप घेशील का?"

मी साहेबांना विचारलं, गेटवरच्या सिक्युरिटीला सांगून ठेवलं, आणि तसं सुरू झालं. माझ्या डब्याच्या पिशवीत पोळीभाजीशेजारी कापडात गुंडाळलेला एखादा बुश, एखादी रिंग. जेवणाच्या सुट्टीत मी ते मोजायचे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की अण्णा गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेले असायचे. मी दुरूनच मान हलवून सांगायचे — चालेल, नाही चालणार. बहुतेक वेळा नाहीच. नाही म्हटलं तरी ते खूश व्हायचे, की वेळेत कळलं. बिल्डिंगमधल्या लोकांना सांगायचे, "आमच्या सूनबाईच्या हाताखालून गेल्याबिगर गाडीत काय बी जात न्हाई." त्या दिवसांत मी त्यांना एकदाही फसवलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, चांगलं दिसावं म्हणून नाही. त्यांचा भरवसा आंधळा नव्हता, तो मी कमावलेला होता. म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

मग पिस्टन आला.

पिस्टनची एक गंमत असते. तो दिसतो सरळ डब्यासारखा, पण चांगला पिस्टन वरच्या टोकाला किंचित बारीक ठेवलेला असतो. आग वर असते, तिथं तो जास्त फुगतो, म्हणून ती जागा सोडलेली असते. नकली बनवणारा ते करत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही. मोजलं तरच कळतं — वर, मध्ये, खाली, गोल फिरवत. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

त्या आठवड्यात आमच्याकडे ऑडिट होतं. बाहेरची माणसं माझ्या खोलीत बसून माझेच कागद उलटत होती. पिस्टन माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून राहिला. अण्णा रोज संध्याकाळी कट्ट्यावर. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या नक्की. तिसऱ्या दिवशी मी बसमधून उतरले तेव्हा डोकं ठणकत होतं, वर जाऊन स्वयंपाक करायचा होता, आणि अण्णा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ते — काय म्हणू — लहान मुलासारखं वाट बघणं होतं. मला त्याचा राग आला. खरंच राग आला. मी पिशवीतून पिस्टन काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे, अण्णा. बसवा."

मोजला नव्हता, असं का नाही सांगितलं? उद्या बघते, असं तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ते काही रागावणारे नव्हते. मला वाटतं, मला नालायक दिसायचं नव्हतं. सगळ्या घरात माझं ज्यांना कौतुक होतं त्यांच्यासमोर तर नाहीच.

त्यांनी पिस्टन बसवला. रविवारी सकाळी गाडी चालू झाली. पार्किंगमध्ये तिचा आवाज घुमला, गॅलरीतून लोक वाकून बघायला लागले, खालच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. नितीननं व्हिडिओ काढला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "फार लांब नका जाऊ." अण्णा हेल्मेट घालून गेटबाहेर पडले आणि बिल्डिंगांच्या मागच्या अर्धवट झालेल्या रस्त्याला लागले.

बराच वेळ झाला तरी आले नाहीत. नितीन बघायला निघणार तेवढ्यात गाडी ढकलत येताना दिसले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. चालता चालता इंजिन एकदम जाम झालं होतं, मागचं चाक जागेवर अडकलं, गाडी घसरायला लागली. त्यांनी क्लच दाबला, म्हणून पडले नाहीत. तरुण माणसानंही दाबला नसता इतक्या चटकन दाबला असणार. मागे डंपर असता तर? त्या रस्त्यानं दिवसभर वाळूचे डंपर जातात. तर काय झालं असतं, हे मी पुढे अनेकदा मनात पूर्ण बघितलंय, पण ते इथं मांडत नाही. झालं नाही, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

दुपारी त्यांनी इंजिन खोललं. मी चहा घेऊन खाली गेले. पिस्टनवर उभ्या रेघा पडलेल्या, जागोजागी घासून काळा झालेला. अण्णा तो हातात फिरवत होते. वर बघून त्यांनी विचारलं, "माप बरोबर व्हतं ना गं?"

अगदी साधं विचारलं. संशय नव्हता त्यात. मी म्हणाले, "हो अण्णा."

ते म्हणाले, "मंग माजंच काय तरी चुकलं."

आजही मला वाटतं, सगळं तिथं थांबवता आलं असतं. पहिलं खोटं थकव्याचं होतं, त्याला कुणी माफही केलं असतं. पण हे दुसरं — ते मी शांतपणे, चहाचा कप त्यांच्या हातात देत देत बोलले. दुसऱ्या दिवशी तो पिस्टन मी कंपनीत नेला आणि जिथं घासला नव्हता तिथं मोजला. वरपासून खालपर्यंत सरळ. नळीसारखा. संध्याकाळी अण्णांना काही सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

यानंतर जे झालं ते थकव्यात झालं असं मला म्हणता येणार नाही.

त्या रविवारनंतर घरात एक वेगळीच हवा होती. आईंनी देवापुढे साखर ठेवली. नितीन मला म्हणाला, "बरं झालं बंद पडली. या वयात चाकणच्या ट्रॅफिकमध्ये घातली असती त्यांनी. तू बोल ना त्यांच्याशी, तुझं ऐकतात." मी म्हटलं, बघते. आणि खरंच माझ्या मनात आलं, बोलायची गरज काय? गाडी चालूच झाली नाही तर कुणाला अडवायला नको, वाईटपणा घ्यायला नको. ती चालूच होऊ नये, एवढंच.

काळजी होती का? होती. पण काळजीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी नितीनला कधी बोलले नाही. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर रजा मी काढली होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की रजा कुणाची जाते, हे सांगायला नको. त्या वर्षी मला सेक्शन इन्चार्ज करायचं बोलणं चाललं होतं. अण्णा पडले, हाड मोडलं, तर पुन्हा मीच घरी. मला ते नको होतं. त्यांचं पडणं नको होतं की माझी रजा नको होती — यातलं आधी काय, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. म्हणजे येतं. पण लिहवत नाही.

त्यांनी दुसरा पिस्टन शोधला, सांगवीच्या एका बंद पडलेल्या गॅरेजच्या मालकाकडून, जुना पण अस्सल. तो मी मोजला, उत्तम होता, आणि तसं खरंच सांगितलं. कारण पिस्टन जाम झाला की माणूस पडतो, हे मी शिकले होते. खोटं बोलायला मी दुसरे भाग निवडले. बघा, किती विचार केला होता मी.

आधी ऑइल सील. रबराची कडी असते ती, शाफ्टला घट्ट बसून तेल अडवते. सैल असली तर गिअरचं तेल इंजिनात शिरतं, गाडी पांढरा धूर ओकते आणि दम तोडते. पडत कुणी नाही. अण्णांनी आणलेली सीलं मी नीट मोजली. सैल होती, रबरही कडक. संध्याकाळी म्हटलं, चालतील. मग किकचा दात, किक मारली की इंजिनाला पकडून फिरवतो तो. आमच्याकडे लोखंड किती कडक आहे ते बघायचं यंत्र आहे, त्यावर ठेवला. नरम होता, शिशासारखा. म्हटलं, चालेल. एक चांगला सोडायचे, एक वाईट. सगळेच वाईट सोडले असते तर त्यांना कळलं असतं ना.

आणि मी कुणाला फसवत होते? ज्या माणसानं आयुष्यभर खोललेलं प्रत्येक इंजिन परत जोडलं आणि ते चाललं, त्याला. त्याच्यासमोर आता दोनच गोष्टी होत्या — सूनबाईनं मोजलेले भाग आणि स्वतःचे हात. भागांवर त्यांनी एकदाही संशय घेतला नाही.

गाडी चालू व्हायची, धूर ओकायची, बंद पडायची. ते खोलायचे, पुन्हा जोडायचे. कितीदा ते मी मोजलं नाही. एकदा मला खाली बोलावलं आणि म्हणाले, "म्या बसवितो, तू बघत ऱ्हा. सील उलटं बसतंय का काय ते सांग." मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं. त्यांनी कडेला तेलाचं बोट फिरवलं, लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकलं. इतकं चांगलं बसवलेलं सील मी आमच्या कंपनीतही बघितलेलं नाही. मी म्हटलं, "बरोबर बसलंय." ते तरी खरं होतं. ते म्हणाले, "मंग काय चुकतंय माजं?" आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यांना कळलं. पण ते उत्तराची वाट बघत होते, बाकी काही नाही. मी कप उचलले आणि वर आले.

हळूहळू ती शंका गाडीच्या बाहेर पसरली. बिल्डिंगमधले लोक पूर्वी त्यांच्याकडे मिक्सर, पंखे, कुकर घेऊन यायचे. आता ते म्हणायचे, "दुसरीकडं न्या, माजा भरवसा न्हाई." गॅस बंद केला का हे दोनदा उठून बघायचे. कुलूप लावून झालं की आईंना ओढून बघायला सांगायचे. आईंना वाटलं, वय झालं. नितीनला वाटलं, वय झालं. मला काय वाटत होतं? मला माहीत होतं.

एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, "मला मेंदूच्या डॉक्टरकडं न्या. डोकं चालंना माजं."

नितीनला सुट्टी नव्हती. मी घेऊन गेले, चिंचवडला. डॉक्टर चांगले होते, घाई न करणारे. त्यांनी वार विचारला, घरातल्यांची नावं विचारली, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत म्हणायला लावले. मग कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी गोल काढला, आकडे काढले आणि मग वाकून मिनिटांच्या रेघाही काढायला लागले, एकेक, सारख्या अंतरावर. डॉक्टर हसले. म्हणाले, "आजोबा, पुरे. तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे." मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टरांनी मला विचारलं, घरी काही वेगळं जाणवतंय का? मी म्हटलं, नाही, विशेष काही नाही.

रिक्षात अण्णा आपले तळहात उलटेपालटे करून बघत होते. मग म्हणाले, "डोकं नीट हाय म्हनत्यात. मंग हात गेलं असतील."

मी म्हणाले, "वय झालं अण्णा. चालायचंच."

मी जे काही केलं त्यात हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. भाग खोटे सांगितले ते लपून, कापडात गुंडाळून. हे उघड, त्यांच्या शेजारी बसून, समजूत घातल्याच्या आवाजात. त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना.

त्यानंतर ते गाडीकडे गेले नाहीत. पावसाळाभर ती खांबाच्या आड ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीच्या आधी त्यांनीच विकायला सांगितली. सांगवीचा हर्षद नावाचा एक मुलगा आला, तिशीतला. कुठल्याशा कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या उभ्या करायचा छंद. अण्णांनी त्याला उरलेले सगळे भाग दिले, पाने दिले, आणि म्हणाले, "जोडणी माजी हाय. समदं खोलून बघा. भरवसा ठेवू नगा." हर्षद ओशाळला. टेम्पो गेटबाहेर गेला तेव्हा अण्णा लिफ्टपाशी पोहोचलेही होते.

मला इन्चार्ज केलं. तेही याच सुमाराला.

मग फोन आला. जेवणाची सुट्टी होती, मी कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभी. हर्षद होता. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, गाडी पळते आता. काकांना एक सांगायचंय. मी सगळं इंजिन खोललं, पण असं हाताचं काम मी आजवर बघितलेलं नाही. एक स्क्रू इकडचा तिकडे नाही. फक्त सीलं आणि किकचा दात डुप्लिकेट होते, तेवढे बदलले. काकांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना फोन देता का संध्याकाळी? नाहीतर मीच येतो रविवारी, गाडी घेऊन. त्यांना एक चक्कर मारायला देतो."

रांग पुढे सरकली. मागच्या बाईनं मला हलकंच ढकललं.

मी म्हणाले, "त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही हो. आणि गाडी परत दिसली की त्रास होईल त्यांना. तुम्ही नका येऊ. मी सांगते."

अण्णांना उत्तम ऐकू येतं. खालच्या रस्त्यावरून गाडी गेली तर आवाजावरून कुठली ते सांगतात.

त्या एका वाक्यानं त्यांचे हात त्यांना परत मिळाले असते. ते वाक्य पोचवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते तिथंच, त्या रांगेत ठेवून दिलं. ताटात भात घेतला, आमटी घेतली, जेवले. आता तर रजेची भीतीही नव्हती. गाडी विकली गेली होती, कुणी पडणार नव्हतं. मग का नाही सांगितलं? सीलं मोजली कुणी होती, हा पुढचा प्रश्न आला असता म्हणून. बाकी काही कारण नाही. बरेच दिवस मी दुसरी कारणं शोधली. त्यातलं एकही माझ्या स्वतःच्या मापात बसलं नाही.

याला आता बराच काळ झाला. अण्णा आहेत. तब्येत चांगली आहे, सकाळी फिरायला जातात. कट्ट्यावर बसतात, पण हातात काही नसतं. माझ्याशी पूर्वीसारखेच वागतात. मी उशिरा आले तर माझा चहा झाकून ठेवतात.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वॉशर बदलायचा, पाच मिनिटांचं काम. अण्णांनी प्लंबरला बोलावलं. तो ओट्याशी वाकून काम करत होता आणि अण्णा त्याच्या मागे दोन्ही हात पाठीशी धरून उभे होते. त्याचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "नीट बसला का हो?" तो म्हणाला, "बसला, आजोबा. बघा की फिरवून." अण्णांनी नळाला हात लावला नाही. वळून मला हाक मारली, "तू बघ गं एकदा. तू बघितलंस म्हंजी झालं."

मी कणीक मळत होते. हात धुतले, पुसले आणि बघायला गेले.